चार बोटं उघडं

स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर १० मध्ये सकाळी नळाला आधी हवा येते, शिट्टीसारखी वाजत, आणि मग पाणी.

चंदा रामटेके अर्धा कप चहा पीत नाही. "द्यायचा तं भरून दे, नाई तं ठेव तुह्यापाशीच."

माशाला पापणी नसते.

दुष्काळात मुलगी जन्मली की इकडच्या गावांत तिचं नाव दुकलहीन ठेवतात. पुढे कितीही पाऊस पडला तरी नाव बदलत नाहीत.

यंदा मोहाची फुलं फेब्रुवारीतच गळली.

"मावशी, हात काढा न."

"काढते. घाई काय आहे तुले?"

"तुमचा हात आहे तोवर मले कसं समजन, ते थांबलं का तुमी थांबवलं?"

एप्रिलमधली सकाळ. शिवनाथ नदीवरच्या एनीकटवर दोघी उभ्या होत्या. एनीकट म्हणजे नदीत आडवी घातलेली काँक्रीटची बुटकी भिंत आणि तिच्यात चार लोखंडी गेटं. तिसरं गेट चंदाने हॅण्डल फिरवून चार बोटं उचललं होतं. खालून पाणी पातळ पत्र्यासारखं निघत होतं, आणि गेटचा उभा दांडा थरथरत होता.

चंदाने दांड्यावरचा हात काढला. थरथर वाढली. कठड्यावर ठेवलेला पाना आपोआप सरकत कडेला आला. पडायच्या आत तिने तो झेलला.

"पाह्यलं? आधं गेट म्हणजे असं. एक तं पुरं उघड, नाई तं पुरं बंद कर. मधातलं काम नाई."

"मधातलंच तं काम आहे मावशी," उन्नती म्हणाली. "तेवढ्यासाठीच आपण इथं आहो."

उन्नती जलसंसाधन खात्यात उपअभियंता होती. तिचे वडील केवलराम स्टील प्लांटमध्ये होते आणि ती वाढली सेक्टर १० मध्येच. लहानपणी तिने चंदाला पाहिलं होतं ते सायकलवर, दांडीला खांद्याइतकी उंच लोखंडी चावी बांधलेली. त्या चावीने चंदा रस्त्याखालचे वॉल्व्ह फिरवायची. वॉल्व्ह फिरला की सेक्टरला पाणी यायचं, आणि दारादारांतून आवाज यायचे.

*

"आयी क्या चंदाबाई?"

"चंदा, आज पंदरा मिनट जास्त दे न वो, पाहुणे आहेत."

"ये औरत नहीं सुनती किसी की."

"डायरेक्टरची बायको बी बोलली तिले. तिलेही नाई म्हणली."

"टाइम पे खोलती है, टाइम पे बंद. बस."

"एक बाल्टी बाकी थी, एक बाल्टी!"

*

चंदाचा नवरा नंदिनी गावाजवळच्या, प्लांटच्याच चुनखडीच्या खाणीत होता. काविळीने गेला. अनुकंपेवर तिला नोकरी मिळाली तेव्हा पंपहाऊसमध्ये बाई नको म्हणून तिला चावी देऊन रस्त्यावर पाठवलं. पहिल्या दिवशी वॉल्व्ह फिरेना. बघायला माणसं जमली. तिने चावीच्या आडव्या दांडीच्या टोकाला छाती लावली, पाय रोवून सगळं अंग रेटलं आणि वॉल्व्ह फिरला. त्यानंतर कोणी बघायला आलं नाही.

देवराव नावाच्या जुन्या फिटरने तिला काम शिकवलं. त्याने शिकवलेला एकच नियम तिने जन्मभर पाळला. वॉल्व्ह अर्धा उघडा ठेवायचा नाही. अर्धा ठेवला की आतली तबकडी पाण्याने थरथरते, जिथे टेकते तीच पितळी कड कापत राहते, आणि एकदा कड कापली की तो वॉल्व्ह पुन्हा कधी पूर्ण बंद होत नाही. गळतो. कायमचा.

निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं की चंदाबाईंच्या हातचा एकही वॉल्व्ह कधी गळला नाही. हे ती विचारलं तरी सांगायची आणि नाही विचारलं तरी.

निवृत्तीनंतर एका ठेकेदाराने तिला एनीकटच्या गेटांवर ठेवलं. गेट काय आणि वॉल्व्ह काय. नदी म्हणजे मोठा पाइप, असं ती राजदीपला, आपल्या मुलाला म्हणाली होती.

*

मागच्या उन्हाळ्यात खात्याचा नवा आदेश आला. उन्हाळा आता लवकर येतो, लांबतो, पावसाचा भरवसा उरला नाही. तेव्हा एनीकटमध्ये अडवलेल्या पाण्यातला एक वाटा नदीचा. तो खाली सोडायचा, म्हणजे पुढचे डोह जगतील, डोहांतले मासे जगतील, पावसात तेच पुन्हा नदीभर पसरतील. किती पाणी ते आदेशात होतं.

चंदाने ते दिलं. जसं तिने आयुष्यभर दिलं होतं तसं: सकाळी सहाला, पूर्ण दाबाने, वेळेवर चालू, वेळेवर बंद. ज्याला भरून घ्यायचं त्याने भरून घ्यावं. सेक्टरमध्ये लोक ड्रम भरून ठेवत, तसा डोह भरून ठेवेल. मोजमापात कुठे चूक नव्हती. नदीचा वाटा नदीला थेंबभरही कमी मिळाला नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी एक बाई टोपली घेऊन वर आली. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलाने पांढरे. तिने टोपली चंदाच्या पायाशी उपडी केली. कोतरी, टेंगना, हातभर लांबीचा एक पढिना, सगळे मासे मेलेले.

"तोर पानी त आइस अउ चल दिस, दीदी," ती म्हणाली. "मछरी मन इहें रहिगे." पाणी आलं नि गेलं, मासे इथेच राहिले.

ती दुकलहीन. एनीकटखालच्या डोहात तिचं घराणं जाळं टाकत आलं होतं.

"मी पूरं देलं," चंदा म्हणाली. "एक थेंब कमी नाई."

"चल, देख ले."

चंदा तिच्यामागून उतरली. एनीकटच्या खाली नदीचं पात्र सपाट खडकाचं आहे. पाणी धावत आलं तसे डोहातले मासे पाण्याला सामोरे वर चढले होते, पावसाळा आला असं समजून. मग आठला गेट बंद झालं. पाणी खडकावरून निसटलं, मासे खळग्यांत अडकले, आणि ऊन चढलं. प्रत्येक खळग्यात थोडे थोडे होते. पुष्कळांच्या पोटात अंडी होती. बगळे इतके खाऊन बसले होते की माणूस जवळ गेला तरी उडत नव्हते.

चंदा बराच वेळ त्या खडकावरून फिरली. मग वर आली, स्कूटी काढली आणि थेट उन्नतीच्या ऑफिसात गेली.

"ए पोट्टी, माह्या हातानं किती मासोळ्या मेल्या ते पाह्याले चाल."

उन्नतीने खडक पाहिला. परत येताना ती म्हणाली, "मी किती द्याचं ते लिहलं मावशी. कसं द्याचं ते नाई लिहलं. नदीचं पाणी हळू चढते, हळू उतरते. उतरतानी मासोळ्यांले परत जायले वेळ भेटला पाह्यजे."

"मंग लिहाचं होतं न बाई!"

"हो. लिहाचं होतं."

त्या वर्षी डोहात जे मासे उरले ते वाढावेत म्हणून दुकलहीनने जाळं टाकलं नाही. हिवाळ्यात तिचा मुलगा वीटभट्टीवर कमवायला गेला. ती चंदाला म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यातही असंच झालं तर मीही जाईन, मग डोहापाशी बसणारं कोणी राहणार नाही.

*

म्हणून यंदा चार बोटं.

कोणत्या दिवशी किती पाणी सोडायचं याची एक रेघ उन्नतीने मोबाइलवर काढून आणली होती. रेघ बारीक धारेने चालत होती, मधूनच थोडी चढत होती, आणि चढली की तिथून दोन दिवस घेत उतरत होती. पाऊस येईपर्यंत अशीच. वाटा गेल्या वर्षीपेक्षा कमी होता, कारण वरचं पाणीच कमी होतं. बाकीच्या गेटांची चौकट उंचावर, तिथवर पाणी पोचत नव्हतं. सगळं तिसऱ्या गेटातूनच द्यायचं होतं.

"आणि थे थरथरते त्याचं काय?"

"तुमी सांगा. गेट तुमचं."

चंदाने हॅण्डल थोडं वर फिरवलं, थांबली, तळवा दांड्यावर ठेवला. थोडं खाली. पुन्हा तळवा. उन्नती एकदा मोबाइलवरची रेघ, एकदा खालची धार बघत सांगत होती, "जास्त झालं. आता कमी झालं." असं करत करत एका जागी थरथर बरीच मंदावली. थांबली नाही. तापातलं माणूस पांघरुणात कुडकुडावं तेवढी राहिली.

"याच्यापेक्षा शांत नाई होत," चंदा म्हणाली. "कड कापल्या जाईन. हळूहळू, पण जाईनच."

उन्नतीने वाकून गेटाखालची धार पाहिली.

"राहू दे असंच," चंदा म्हणाली.

गेटाला ताप चढलाय का, असं खालून दुकलहीनने ओरडून विचारलं, "दीदी, तोर गेट ला जर चढे हे का?"

"तुह्याच मासोळ्यांची नजर लागली त्याले!"

*

"माँ, छोड़ न ये सब," राजदीप म्हणाला. रसमड्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला होता, बूटही काढले नव्हते. "ठेकेदार वाले अतुल भैया का फोन आया था मुझे. बोल रहे थे, तेरी माँ गेट आधा खुला छोड़ के जाती है."

"आपल्या भाषेत बोल."

"गेट खराब झाला तं ठेकेदार तुले काढन."

"काढू दे."

"तूच सांगत होती न मले? आधा नाही ठेवायचा? बचपन से सुन रहा हूँ. दरवाजा पण आधा नाही ठेवू देत तू."

चंदाने त्याच्यासमोर ताट ठेवलं. भात, वरण, लाखोरीच्या भाजीची सुकवून ठेवलेली चुरी. ताट भरलेलं होतं.

"सांगत होती," ती म्हणाली. "पाइपात मासोळ्या नसते."

*

त्यानंतर ती रोज सकाळी जायची, स्कूटी बाभळीखाली लावायची, दांड्यावर तळवा ठेवून उभी राहायची, सैल झालेले नट आवळायची, ग्रीस भरायची, आणि आवाज ऐकायची, कारण आवाज बदलत होता, एप्रिलमध्ये तो पातेल्यावर झाकण हलावं तसा होता आणि मेमध्ये कोणी सुरी दगडावर घासावी तसा झाला, आणि हा आवाज कशाचा ते या नदीवर तिच्याखेरीज कोणाला कळत नव्हतं, आणि उन्नतीचा फोन आला की ती चढ द्यायची, मग उतार द्यायची, हॅण्डलचा एक आटा, अर्धा आटा, पुन्हा अर्धा, आणि उतार देताना खाली खडकाकडे बघत राहायची, तिथे दुकलहीन पाण्यात उभी राहून हात वर करायची, म्हणजे मासे अजून वरच आहेत, थांब, आणि हात खाली केला की परत गेले, कर कमी.

*

मेच्या शेवटी उन्नती स्वतः आली. उन्हाने चेहरा काळवंडलेला.

"मावशी, पाऊस लांबन म्हणतात. वाटा पुरणार नाई. आणखी कमी करा लागते."

"किती?"

"दोन बोटं."

चंदाने गेटाकडे पाहिलं. दोन बोटांवर ते काय करेल ते तिला माहीत होतं. चार बोटांवर कुडकुडत होतं. दोन बोटांवर ते आपटणार होतं.

अतुलही आला होता. ठेकेदाराचा सुपरवायझर, वयाने राजदीपएवढा, गळ्यात ओला टॉवेल. तो वाईट माणूस नव्हता. गेटं चांगल्या हालतीत परत द्यायची जबाबदारी त्याच्यावर होती.

"दीदी, बंद करा सरळ," तो म्हणाला. "उरलेलं पाणी ठेवून द्या. पावसाच्या आधी एकदम सोडून द्या. हिसाब बराबर."

"तसा हिसाब मी मागच्या साली केला."

"दोन बोटांवर सीट जाईल, खालची पितळी पट्टी. पूरी जाईल. तुम्हालाच माहीत आहे."

"मलेच माहीत आहे."

"मग?"

दुकलहीन खडकावर बसून वर बघत होती. तिला बोलणं ऐकू येत नव्हतं. डोह तिच्या मागे होता, हिरवट, आक्रसलेला, कडेच्या चिखलाला भेगा पडलेल्या.

"दीदी, मॅडमचा आदेश असेल तर मॅडमने सांगावं," अतुल म्हणाला. "माझ्या गळ्यात नको."

उन्नतीने तोंड उघडलं. चंदाने हाताने तिला थांबवलं.

"तुह्या मोबाइलमध्ये टेप होते न? चालू कर."

"कशाला?"

"कर म्हणलं न."

अतुलने मोबाइल तिच्यापुढे धरला. चंदाने पदराने तोंड पुसलं, जसं फोटोला बसायचं आहे.

"मी चंदा रामटेके. तीन नंबरचं गेट मी आधं ठेवून राहिली. मले कोणी सांगितलं नाई. आधं ठेवलं का बिघडते थे मले माहीत आहे, मले कोणी शिकवाची गरज नाई. बिघडलं तं माह्या हातानं बिघडलं. बस. बंद कर."

"मावशी," उन्नती म्हणाली.

"तू चूप बस. तुले अजून लय नद्या पाहाच्या आहेत."

मग तिने हॅण्डल धरलं आणि गेट खाली घेतलं, दोन बोटांवर. पहिला ठोका भिंतीतून पायांत आला. मग दुसरा. मग ते लागोपाठ सुरू झालं, लोखंडावर लोखंड. अतुलने टॉवेल कानावर ओढला. चंदा दांड्यावर तळवा ठेवून तशीच उभी राहिली. गुराच्या पाठीवर डॉक्टर सुई टोचताना मालक हात ठेवतो तशी.

"बापा," ती गेटाला म्हणाली, "सोस थोडं."

*

ऑक्टोबरमध्ये पाणी अडवायला गेटं पुन्हा बंद केली. पहिलं बंद झालं. दुसरं झालं. चौथं झालं. तिसरं खाली बसलं, चंदाने पूर्ण ताकदीने हॅण्डल आवळलं, आणि तरी त्याच्या तळातून पाणी आलं. बारीक, पंख्यासारखं पसरत.

वरचे साहेब पाहणीला आले होते. त्यांनी गेट वर घ्यायला लावलं. पितळी पट्टी करवतीच्या पात्यासारखी झाली होती. साहेबांनी बोट फिरवलं आणि झटकन मागे घेतलं; कापलं होतं.

"ये कैसे हुआ?"

अतुलने खिशातून मोबाइल काढला, हातात धरला, आणि चालू केला नाही. चंदाने ते पाहिलं.

"लाव न," ती म्हणाली. "लाजतो कायले?"

तिचाच आवाज तिने सगळ्यांबरोबर ऐकला. साहेबांनी उन्नतीकडे पाहिलं. उन्नती म्हणाली, "सर, बहाव का शेड्यूल मेरा था. दो उंगली मैंने कही थी." चंदा मध्येच म्हणाली, "साहेब, मॅडम किती पाणी थे सांगते. गेट मी फिरवते. वॉल्व्ह फिरवाची माही उमर गेली, थे मॅडमले काय माहीत?"

साहेब बोटाला रुमाल गुंडाळत होते. नवी पट्टी बसेल तेव्हा बसेल, ते म्हणाले. तोवर पाणी जाईल ते जाईल. आणि ठेकेदाराला सांगा, इथे दुसरा माणूस द्या. डोहाचं कोणी विचारलं नाही.

दुसरा माणूस दोन दिवसांनी आला. प्रेमानंद नाव, रेल्वेतून निवृत्त झालेला. चंदाने त्याला चारही गेटं दाखवली. कोणतं जड फिरतं, कोणत्याला ग्रीस जास्त लागतं.

"हे गळते," तिसऱ्यापाशी तो म्हणाला.

"हो. थे मी केलं."

तो हसला. मस्करी वाटली त्याला.

"उन्हाळ्यात ती मॅडम फोन करन," चंदा म्हणाली. "उतार देतानी खाली पाहाचं. बाई हात वर करन तं थांबाचं. घाई नाई कराची. आधं ठेवा लागते, घाबराचं नाई."

"आधं ठेवलं तं खराब नाई होत?"

"होते."

तिने हॅण्डलवर गुंडाळलेला आपला फडका सोडला, घडी करून स्कूटीच्या डिकीत टाकला. प्रेमानंद हॅण्डल फिरवून बघत होता. तिसऱ्या गेटाखालून पाणी येत होतं, खडकावरून वाट काढत खाली चाललं होतं. चंदाने त्या पाण्याकडे पाहिलं, हेल्मेट घातलं, पट्टा लावला, आणि दुर्गच्या रस्त्याला लागली.

त्याच वर्षी, गेट दोन बोटांवर असताना, जूनमध्ये पाऊस यायच्या आदल्या सकाळी डोहाचं पाणी दुकलहीनच्या छातीपर्यंत होतं.